जुना लॅपटॉप तपासायला कुठला पेनड्राईव्ह बरा: विंडोजच्या टूलचा की लाईव्ह लिनक्सचा?

आमच्या बेळगावात कॉलेजची पोरं म्हणा, उद्यमबागेतले छोटे वर्कशॉपवाले म्हणा, ऑफिसातनं निघालेले जुने लॅपटॉप घेतात, आणि खानापूर-निपाणीकडनं पण लोक विचारतात की घ्यायच्या आधी मशीन तपासायला पेनड्राईव्ह कसला करून ठेवू. एक विंडोजवर चालणाऱ्या टेस्टच्या टूलचा, दुसरा लाईव्ह लिनक्सचा, म्हणजे आतलं विंडोज सुरूच न करता पेनड्राईव्हवरनंच लिनक्स चालू करायचं. मी दोन्ही वापरतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

विंडोजवाला करायला सोपा. सीपीयूचा (प्रोसेसरचा) वेग मोजणारं सिनेबेंच, डिस्कचा वेग मोजणाऱ्या क्रिस्टलडिस्कमार्कची पोर्टेबल झिप आणि फाईली झिप करायचं सेव्हन-झिप एका फोल्डरमध्ये टाकायचं, इन्स्टॉल काही नाही. सेव्हन-झिपचा बेंचमार्क, म्हणजे वेगाची टेस्ट, एका ओळीच्या कमांडनं चालतो, सिनेबेंचला पण कमांड देता येते, त्यामुळे एक बॅच फाईल (कमांडची यादी) लिहून ठेवली की टेस्ट मागोमाग चालतात आणि आकडे पेनड्राईव्हवरच्या टेक्स्ट फाईलमध्ये जमा होतात. लावल्या लावल्या सुरू होईल असं समजू नका, विंडोज ७ पासनं पेनड्राईव्हचा ऑटोरन बंद आहे, डबल क्लिक करावंच लागतं. गीकबेंच हे वेग मोजायचं अजून एक टूल पण चांगलं आहे पण फुकटवाल्याला नेट लागतं, आणि दुकानात आत रेंज नसली की काम तिथंच अडलं.

यात खरी अडचण ही की आकडा नुसत्या मशीनचा येत नाही, त्या विंडोजचा पण येतो. खडेबाजारात एकदा मी एकाच मॉडेलचे दोन लॅपटॉप बघितलो, एकाचा स्कोअर लई कमी आला, मी नको म्हणून बाजूला ठेवलो, मग सहज दोन्ही लाईव्ह लिनक्सवर बूट करून बघितलो तर दोन्ही सारखेच, त्या एकात मागं अपडेट चालू होतं! चांगलं मशीन हातचं जाणार होतं. तेव्हापासनं एका आकड्यावर मी निर्णय घेत नाही.

लाईव्ह लिनक्समध्ये मशीनवर काय भरलंय याचा संबंधच येत नाही, सगळ्यांना तीच सिस्टीम, तेच व्हर्जन. मी उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) फोरोनिक्स टेस्ट सूट हा टेस्टचा संच ठेवलोय, हे २००८ पासनं आहे आणि फुकट आहे. त्याची बॅच-सेटअप ही कमांड एकदा करून सोडायची, पुढं बॅच-बेंचमार्क या कमांडला टेस्टचं नाव दिलं की ते काही न विचारता चालतं, बहुतेक टेस्ट तीन-तीनदा घेतं आणि आकडे फार इकडंतिकडं झाले तर स्वतःच अजून फेऱ्या मारतं. दुकानात मी एकदाच टेस्ट घेऊन मोकळा होत होतो, त्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं.

पण तयारी घरीच करा. पेनड्राईव्हवर पर्सिस्टन्स (केलेले बदल साठवून ठेवायची जागा) ठेवला नाही तर रिस्टार्ट केल्यावर टेस्ट पण गेल्या आणि रिझल्ट पण. टेस्ट आधीच डाऊनलोड करून ठेवा, काही तर मशीनवर कंपाईल होतात, म्हणजे कोडवरनं प्रोग्रॅम तिथंच तयार होतो, त्यात वेळ जातो. यूएसबी ३ चा पेनड्राईव्ह घ्या, २.० ची हद्दच सेकंदाला ४८० मेगाबिट, बूट होईस्तोवर दुकानदार कंटाळतो. सीपीयूच्या आकड्यात मात्र त्यानं फारसा फरक पडत नाही.

डिस्कच्या टेस्टला लई जण फसतात. लाईव्हमध्ये डिस्कची टेस्ट तशीच चालवली तर ती रॅमची नाहीतर पेनड्राईव्हचीच होते, आतल्या एसएसडीला हात पण लागत नाही. मी त्यासाठी एचडीपार्म या लिनक्सच्या कमांडनं नुसतं वाचायचं स्पीड बघतो आणि स्मार्टसीटीएल या दुसऱ्या कमांडनं डिस्क किती तास चाललीय ते. लिहायची टेस्ट दुसऱ्याच्या डिस्कवर करायचीच नाही.

अजून एक, समोरच्याच्या लॅपटॉपला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) असेल तर सिक्युअर बूट, म्हणजे मान्यता असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सेटिंग, बंद करू नका, नंतर विंडोज रिकव्हरी की मागू शकतं आणि ती त्याच्याकडं असेलच असं नाही. उबुंटू सिक्युअर बूट चालू ठेवून पण बूट होतं.

तर एकच लॅपटॉप घ्यायचाय, दुकानदार घाई करतोय, तर विंडोजवाला न्या, पण आधी टास्क मॅनेजर उघडून सीपीयू शांत आहे का बघा. शाळेच्या लॅबला दहा मशीन घ्यायच्या असतील तर लाईव्हच, वेळ लागू दे. आणि कुठलाही घेतला तरी चार्जर लावूनच टेस्ट करा. मधेच लाईट गेली तर लॅपटॉप बंद पडत नाही, बॅटरीवर हळू होऊन चालतच राहतो, आणि आकडा बिघडला हे कळत पण नाही. ती फेरी सोडून द्या आणि लाईट आल्यावर पहिल्यापासनं घ्या.