ठमीचं चोंदलेलं नाक आणि नेब्युलायझर : चौदा महिन्यांचा अनुभव

आमच्या ठमीच्या नाकाचा आवाज ऐकून पाहुण्यांना वाटतं, मांजर झोपेत घोरतंय. ती जागी असते. खिडकीत बसून कबुतरं बघत असते आणि नाक घरघरत असतं. आता ती साडेतीन वर्षांची आहे. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली सापडली तेव्हा जेमतेम दीड महिन्याची असेल. दोन्ही डोळे चिपडांनी मिटलेले, नाकावर वाळलेल्या शेंबडाची खपली. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, हा मांजरांचा हर्पीस दिसतोय, ही वाचेल, पण विषाणू हिच्या अंगातून जाणार नाही.

तो गेलेला नाहीच. पहिला आजार ओसरला की हा विषाणू चेहऱ्याच्या मोठ्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन निपचित पडतो, आणि मांजरावर ताण आला की पुन्हा उठतो. माणसाला तो होत नाही, आपला हर्पीस वेगळा. पिल्लू असताना संसर्ग जोरात झाला तर नाकातली पातळ, गुंडाळीसारखी हाडं खराब होतात आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. तिथे शेंबूड साचत राहतो, त्यात जंतू वाढतात. म्हणजे ठमीची दुखणी दोन आहेत : अधूनमधून उठणारा विषाणू, आणि कायमचं बिघडलेलं नाक. हा फरक माझ्या डोक्यात शिरायला दोन वर्षं गेली. नेब्युलायझर, म्हणजे सलाईनचं (निर्जंतुक मिठाच्या पाण्याचं) बारीक धुकं करून श्वासातून देणारं यंत्र, त्या दुसऱ्या दुखण्यासाठी आहे. सलाईनच्या वाफाऱ्याने विषाणू मरत नाही, हे आधी मान्य करूनच पुढचं वाचा.

आमच्याकडे हे सुरू झालं २०२४ च्या दिवाळीनंतर. १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, आणि गल्लीत चार दिवस फटाके वाजत होते. ठमी कपाटाखालून फक्त रात्री बाहेर यायची. दिवाळी संपली, ती पुन्हा खिडकीत बसायला लागली, मला वाटलं सुटलो. ९ तारखेला शिंका सुरू झाल्या. आधी पाणी, मग पिवळट शेंबूड. १२ तारखेला ती वाटीपाशी गेली, नाक खाली नेलं, थांबली आणि मागे फिरली. तिला भूक होती. वास येत नव्हता. मांजर वासावर जेवतं, नाक बंद झालं की समोरचं अन्न त्याच्या लेखी अन्नच राहत नाही. आणि मांजराचा उपास आपल्यासारखा नसतो. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर यकृतात चरबी साचायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. त्या आठवड्यात तिचं वजन ३ किलो १०० ग्रॅमवरून २ किलो ६४० वर आलं. उचलल्यावर हाताला पाठीचे मणके लागायचे. तो स्पर्श मी विसरलेले नाही.

त्याआधी आम्ही बाथरूमची वाफ द्यायचो. गीझर तापवायचा, गरम पाण्याचा नळ सोडायचा, दार लावून तिला मांडीवर घेऊन पंधरा-वीस मिनिटं बसायचं. थोडा फरक पडायचा. पण बादल्यांनी पाणी वाया जायचं, ज्या दिवशी पाणी येणार नसायचं त्या दिवशी सगळं बंद, आणि थंडीत ती ओलसर होऊन कुडकुडायची. गरम पाण्याचं पातेलं मांजराजवळ ठेवण्याचा विचारही करू नका, पंजा पडला की भाजलंच. आईने एकदा मायेनेच पाण्यात निलगिरीचे दोन थेंब आणि भीमसेनी कापूर टाकला होता, लहानपणी आम्हाला द्यायची तसा. मी बाथरूमचं दार उघडून ठमीला बाहेर काढलं. असले पदार्थ पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. निलगिरी, कापूर, छातीला लावायचा बाम, यातलं काहीही मांजराच्या आसपास नको. आईला खूप वाईट वाटलं. म्हणाली, “अगं, मला कसं कळणार? तुला सर्दी झाली की हेच करत आले मी.” तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी नेब्युलायझर सुचवला आणि आमच्या घरात तो होताच. बाबांच्या दम्यासाठी घेतलेला, खोक्यासारखा, कॉम्प्रेसरवाला. ठमीसाठी औषधाची वाटी, नळी आणि मास्क वेगळा आणला, बाबांचं सामान तिला कधी लावलं नाही. पण मास्क ती तोंडाजवळही येऊ देईना. शेवटी जमलं ते असं : प्रवासाच्या कॅरिअरमध्ये तिची जुनी चादर घालायची, ती आत बसली की वरून पातळ पंचा टाकायचा, एका कोपऱ्यात हवा खेळायला फट ठेवायची आणि नळीचं टोक जाळीतून आत सोडायचं. वाटीत ४ मिलिलिटर सलाईन, ०.९ टक्क्यांचं, निर्जंतुक. घरचं मिठाचं पाणी नाही. त्यात कोणतंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालायचं नाही. दहा-बारा मिनिटांत वाटी संपते.

पहिले तीन दिवस वाईट गेले. कॉम्प्रेसरचा आवाज मोठा, आणि जी आवाजाला घाबरून आजारी पडली तिलाच मी आवाजापुढे बसवत होते. एका संध्याकाळी ती कॅरिअर दिसताच पलंगाच्या पार आतल्या कोपऱ्यात जाऊन बसली. मग मी चार दिवस नुसतं कॅरिअर उघडं ठेवलं आणि आत खाऊ टाकत राहिले. यंत्र पॅसेजमध्ये, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवलं आणि नळी दाराखालून आत घेतली. आवाज एकदम निम्म्यावर आल्यासारखा झाला. आधी रिकामं यंत्र एक मिनिट, मग दोन, मग सलाईन घालून पाच. दहाव्या दिवशी ती पूर्ण वाटीभर बसली. ही घाई न करण्याची पायरी कुणीही गाळू नये. या आजारात ताण हाच शत्रू आहे, आणि उपचारानेच ताण वाढला तर हाती काही लागत नाही.

वाफारा संपला की खरं काम सुरू होतं. पाच मिनिटांत ती शिंकायला लागते, एकामागून एक सात-आठ शिंका, आणि पातळ झालेला शेंबूड बाहेर येतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक आणि डोळ्यांचे कोपरे पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मग लगेच जेवण. हा अर्धा-पाऊण तास नाक सगळ्यात मोकळं असतं, तो वाया घालवायचा नाही. अन्न अंगाच्या उबेइतकं कोमट करायचं म्हणजे वास उठतो. चिकनचं पाणी चालतं, पण त्यात कांदा-लसूण अजिबात नको, मांजराला ते विषारी आहेत. ठमीच्या बाबतीत सगळ्यात कामी आला तो उकडलेला बांगडा. आमचं घर शाकाहारी. आईने बाल्कनीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं मांडलं आणि स्वतः नाकाला पदर लावून बांगडा उकडून काटे काढून दिले. नोव्हेंबरच्या त्या संध्याकाळी ठमीने अर्धा बांगडा खाल्ला, तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात उभ्या राहून रडलो.

फेब्रुवारीत मी मेशवाला, म्हणजे बारीक जाळीतून धुकं सोडणारा, छोटा नेब्युलायझर घेतला, जवळपास बावीसशे रुपयांना. आवाज जवळजवळ नाही, हातात मावतो, चार्ज करून कुठेही नेता येतो. पाच महिने मी त्याचं भरभरून कौतुक केलं. जुलैत वाफ कमी कमी होत गेली आणि एक दिवस बंद पडली. सलाईनमधल्या मिठाने जाळीची भोकं बुजतात. रोज उकळून गार केलेल्या पाण्याने चालवून धुवायचं असतं, आणि माझ्याकडून दमलेल्या रात्री ते राहून गेलं होतं. पण दुकानदाराने वॉरंटी कार्ड हातात असूनही “मीठ साचलंय, ते वॉरंटीत येत नाही” म्हणून हात वर केले. घेताना त्याला मी मांजराला रोज सलाईन देणार आहे हे सांगितलं होतं. सलाईनसाठीच विकली जाणारी वस्तू सलाईनने बिघडली तर जबाबदारी कुणाची, याचं उत्तर मला मिळालं नाही.

मग पुन्हा बाबांचं खोकं. आता माझं मत पक्कं आहे : रोज वापरायचं असेल तर कॉम्प्रेसर घ्या. जड आहे, आवाज आहे, पण बिघडण्यासारखं त्यात थोडंच असतं. वाटी आणि नळी सहज बदलून मिळते, हवेचा फिल्टर मळकट झाला की बदलायचा. “सर्वात बारीक वाफ” या जाहिरातीमागे धावू नका. १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब फुप्फुसांसाठी हवे असतात. आपल्याला नाक ओलं करायचं आहे, तिथे मोठे थेंबही अडकतात आणि उपयोगीच पडतात. वाटी प्रत्येक वेळी गरम पाण्याने धुऊन पंच्यावर उपडी वाळवायची. आठवड्यातून एकदा एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाण्यात अर्धा तास बुडवून पुन्हा धुवायची. ओली वाटी तशीच जोडून ठेवली तर आपणच जंतू तिच्या नाकात सोडतो.

नेब्युलायझरबरोबर काय काय चाललं होतं तेही सांगते, नाहीतर सगळं श्रेय त्या यंत्राला जाईल. त्या नोव्हेंबरात डॉक्टरांनी फॅमसायक्लोव्हिर दिलं होतं, विषाणूवरचं, माणसांचंच औषध, वजनावर डोस ठरवून. माझ्या मते विषाणूचा जोर त्याने ओसरला. इथे एक गोष्ट जीव तोडून सांगायची आहे. दुसऱ्या वेळी आमच्या जवळच्या एका मेडिकलमध्ये ते नव्हतं, तर काउंटरवरच्या माणसाने व्हॅलासायक्लोव्हिर पुढे केलं आणि म्हणाला, “सेमच आहे मॅडम.” मांजरासाठी ते सेम नाही. त्याने मांजराचं यकृत आणि किडनी निकामी होऊन जीव जाऊ शकतो. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं म्हणून वाचलो. तापासाठी पॅरासिटॅमॉलही मांजराला कधीच नाही.

अँटिबायोटिक म्हणून डॉक्सिसायक्लिन दिलं होतं. ती गोळी कोरडी गिळवायची नाही, मागोमाग सिरिंजने थोडं पाणी किंवा दोन घास अन्न द्यायचं, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. लायसिनची (हर्पीसवर म्हणून दिल्या जाणाऱ्या एका अमिनो आम्लाची) पेस्ट मी चार महिने चाटवली, काही फरक दिसला नाही. २०१५ मध्ये आधीचे अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी लायसिन देणं थांबवा असंच म्हटलं होतं, हे मला पैसे घालवल्यावर कळलं. लसीचंही तसंच. ती आजाराची तीव्रता कमी करते, अंगात बसलेला विषाणू काढत नाही. तरी आम्ही ती चुकवत नाही.

मार्चमध्ये ठमी उजवा डोळा बारीक करून बसायला लागली. घरात जुने स्टेरॉइडचे थेंब होते आणि घालून बघावेत असं वाटलं होतं. घातले नाहीत, बरं झालं. डॉक्टरांनी डोळ्यात हिरवट चमकणारा डाय घालून निळ्या उजेडात पाहिलं तर बुबुळावर बारीक व्रण होता, आणि हर्पीसच्या व्रणावर स्टेरॉइड गेलं असतं तर तो खोल गेला असता. गॅन्सिक्लोव्हिर या विषाणूवरच्या औषधाच्या जेलने तो भरून आला. तेव्हापासून डोळा बारीक दिसला की मी घरी काहीच करत नाही, सरळ दवाखाना. एक दिवसभर जेवली नाही, नाकातून रक्त आलं, एकाच नाकपुडीतून सतत स्राव यायला लागला, तरीही दवाखाना. तोंड उघडून श्वास घेत असेल तर मध्यरात्रीसुद्धा.

सुधारणा मोजायची कशी, यात मी पहिले काही महिने चुकले. मी नाकाचा आवाज ऐकत बसायचे. घरघर वाढली की जीव घाबरा, कमी झाली की आनंद. पण ही घरघर जायची नाहीच, ते हाड परत येणार नाही. आता मी वजन बघते. दर रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्लास्टिकचा टब ठेवायचा, शून्य करायचं, तिला आत बसवायचं. वहीत तारीख, वजन, वाफाऱ्यांची संख्या आणि त्या आठवड्यात घरात काय वेगळं झालं ते. आठवड्यात शंभर ग्रॅम गेले की मी डॉक्टरांना फोन करते, आवाज कसाही असो.

ती वही उलटी वाचली तेव्हा काय दिसलं ते फार मोलाचं आहे. घराला रंग दिला, आठव्या दिवशी शिंका. गणपतीत मंडळाची ढोल-ताशाची मिरवणूक सोसायटीसमोर थांबली, नवव्या दिवशी शिंका. भावाची मुलं राहायला आली, सातव्या दिवशी. ताण आला की विषाणू लगेच दिसत नाही, साधारण आठवडाभराने वर येतो. दिवाळीतला तो उशीर योगायोग नव्हता. म्हणून २०२५ च्या दिवाळीत वसुबारसेपासूनच दिवसातून दोन वाफारे सुरू केले आणि फटाके थांबल्यावरही दोन आठवडे थांबवले नाहीत. आतल्या खोलीत पडदे, पंखा आणि तिची चादर असलेलं खोकं. शिंका तरीही आल्या, पण जेवण एकही दिवस सुटलं नाही आणि वजन फक्त ६० ग्रॅमने उतरलं. आधीच्या वर्षी ४६० ग्रॅम गेले होते.

एरवी आता रोज एकच वाफारा असतो, सकाळी. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या थंडीत दोन, कारण शेंबूड घट्ट होतो. पावसाळ्यात काही आठवडे दिवसाआडही चाललं. खर्च महिन्याला सलाईनचा काय तो, तोही फारसा नाही. वेळ मात्र जातो. लावणं, बसवणं, पुसणं, जेवू घालणं, धुणं, सगळं धरून पाऊण तास. ज्यांना सकाळी सातला घर सोडायचं असतं त्यांनी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हे शिकवून ठेवावं. आमच्याकडे आता आई एकटीने करते.

परवाच्या रविवारी वजन ३ किलो ३८० भरलं. सोसायटीत २० तारखेपासून पाण्याचे पाइप बदलायचे आहेत, तीन दिवस ड्रिल मशीन चालणार अशी नोटीस लागली आहे. आईने कॅलेंडरवर २० पासून पुढचे अठरा दिवस पेन्सिलीने रेघ ओढून ठेवलीय, दोन वाफाऱ्यांची. मासेवाल्याला बांगड्याचंही सांगून झालंय.