व्हाउचरची मतपत्रिका-लढत: भाड्याची माणसं की गावचे स्वयंसेवक?

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात शाळा-व्हाउचरचा (म्हणजे सरकारी पैशातून खासगी शाळेची फी देण्याचा) कायदा झाला आणि विरोधकांनी पुरेशा मतदारांच्या सह्या जमवून तो सार्वमताला टाकायचं ठरवलं, की मोहिमेच्या समितीपुढे पहिल्याच आठवड्यात प्रश्न येतो: सह्या गोळा करायला पैसे देऊन परराज्यातली माणसं आणायची, की शिक्षक-पालकांच्या जिवावर उतरायचं? पैसे देऊन सह्या गोळा करण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कोलोराडोच्या खटल्यात 1988 मध्येच सांगितलं. त्यामुळे प्रश्न तत्त्वाचा कमी आणि हिशेबाचा जास्त आहे. (आपल्याकडे असं सार्वमत नाही. खासगी शाळांतल्या आरटीईच्या 25 टक्के जागांचा महाराष्ट्रातला वाद 2024 मध्ये उच्च न्यायालयात सुटला, मतपेटीत नाही.)

आधी भागाकार करा. ॲरिझोनात 2022 च्या जुलैच्या सुरुवातीला सगळ्या मुलांना खुल्या असलेल्या व्हाउचर-योजनेच्या कायद्यावर राज्यपालांची सही झाली. ती रोखायला 1,18,823 वैध सह्या हव्या होत्या आणि मुदत होती 23 सप्टेंबर, म्हणजे साधारण 78 दिवस. चारातली एक सही बाद होणार असं धरलं, तर एकूण 1,58,000 च्या वर सह्या लागतात, दिवसाला 2,000 हून जास्त. वर्दळीच्या जागी एक माणूस तासाला दहा सह्या घेतो असं धरलं, तर तीन तासांच्या पाळीत तीस. म्हणजे रोज सदुसष्ट-अडुसष्ट पाळ्या, तेही ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात. 'सेव्ह अवर स्कूल्स ॲरिझोना' या व्हाउचर-विरोधी संघटनेने शेवटी 1,41,000 हून जास्त सह्या दिल्याचं जाहीर केलं. प्रत्यक्ष मोजणीत त्या 89,000 च्या आसपास निघाल्या आणि प्रयत्न फसला.

हीच संघटना 2017 मध्ये मुख्यतः स्वयंसेवकांवर जिंकली होती. तेव्हा लागत होत्या 75,321 सह्या. जमल्या 1,11,000 हून अधिक. 2018 च्या मतदानात सुमारे 65 टक्के मतदारांनी योजनेचा विस्तार नाकारला. म्हणजे स्वयंसेवक कमी पडतात असं नाही. लक्ष्य दीडपटीवर गेलं की पाळ्या भरत नाहीत. रोजच्या पाळ्या तुमच्या यादीतल्या भरवशाच्या माणसांपेक्षा जास्त निघत असतील, तर कंत्राटदाराला पहिल्याच आठवड्यात बोलवा. शेवटच्या तीन आठवड्यांत आणलेली माणसं सगळ्यात महाग पडतात आणि सगळ्यात घाईत कागद भरतात. शिवाय सह्या रोज एकाच ठिकाणी मोजा. विभागप्रमुखांच्या फोनवरच्या अंदाजांची बेरीज करत बसलात, तर शेवटच्या दिवशी तोंडघशी पडाल.

भाड्याच्या माणसांची खरी जोखीम कागदावर असते. ॲरिझोनात पैसे घेणाऱ्या आणि परराज्यातल्या प्रत्येकाने आधी राज्य सचिवाकडे नोंदणी करायची असते. न करता घेतलेल्या सह्या बाद. प्रत्येक पानामागचं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोर हवं. ते चुकलं की सगळं पानच जातं. त्याहून वाईट म्हणजे खटल्यात समन्स निघालं आणि नोंदणी केलेला माणूस हजर झाला नाही, तर त्याने घेतलेल्या सगळ्या सह्या रद्द होतात. तोवर तो तिसऱ्याच राज्यातल्या मोहिमेवर गेलेला असतो. बनावट सह्यांचा धोका वेगळाच. मिशिगनमध्ये 2022 मध्ये राज्यपालपदाच्या आणि इतर काही उमेदवारांसाठी कंत्राटी माणसांनी गोळा केलेल्या सह्यांत निवडणूक कार्यालयाला निदान 68,000 बाद सह्या सापडल्या आणि राज्यपालपदाचे पाच उमेदवार मतपत्रिकेबाहेर गेले. म्हणून कंत्राटात पैसे दर आठवड्याच्या नमुना-तपासणीनंतरच द्या आणि समन्सला हजर राहण्याचा खर्च त्यातच धरा. स्वयंसेवक मुद्दाम खोटं करत नाहीत. ते तारीख विसरतात आणि एका काउंटीच्या (तिथल्या जिल्ह्याच्या) पानावर दुसऱ्या काउंटीतल्या मतदाराची सही घेतात. पान जमा करतानाच कोणीतरी ते डोळ्यांखालून घातलं, की यातलं बरंच सापडतं.

नेब्रास्कात आणखी एक अट आहे: 93 पैकी 38 काउंट्यांत प्रत्येकी 5 टक्के मतदारांच्या सह्या हव्यात. पुष्कळांना वाटतं, खेडोपाडी बाहेरची माणसं पाठवावीत. आमच्या मते उलट करा. ओमाहा-लिंकनसारख्या मोठ्या शहरांत दुकानांपुढे भाड्याचा माणूस चालतो. विरळ वस्तीच्या काउंटीत त्याचा दिवस गाडी चालवण्यात जातो, तर तिथला निवृत्त शिक्षक काउंटीच्या जत्रेत एका दुपारी कोटा संपवतो. तिथल्या कागदावर तर 'पैसे घेऊन' की 'स्वयंसेवक' हे लाल अक्षरांत छापलेलंच असतं. ओळखीच्या गावात ते वाचलं जातं.

स्वयंसेवकांचा दुसरा फायदाही नेब्रास्काच्याच घटनाक्रमावरून समजतो. 2023 मध्ये 1,17,000 च्या आसपास सह्या जमल्यावर विधिमंडळाने पुढच्या वर्षी जुना कायदा काढून त्याजागी नवा आणला, आणि पहिली मेहनत वाया गेली. पुन्हा 90 दिवसांच्या मुदतीत 86,000 हून अधिक सह्या आल्या. स्वयंसेवकांची यादी दुसऱ्यांदा वापरता येते; कंत्राट दुसऱ्यांदा विकत घ्यावं लागतं.

विरोधक 'सही करू नका'चे फलक घेऊन शेजारी उभे राहतात. तेव्हा भाड्याचा माणूस चटकन जागा बदलतो आणि स्वयंसेवक वाद घालतो. इथे भाड्याच्या माणसाचंच अनुकरण करा.

सह्यांनंतर मात्र पारडं फिरतं. युटाच्या 2007 च्या लढतीत बाहेरचा पैसा दडलेला नव्हता: शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने व्हाउचर-विरोधकांना 30 लाख डॉलरहून जास्त दिले. समर्थकांचा मोठा आधार 'ओव्हरस्टॉक' या ऑनलाइन विक्री कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पॅट्रिक बर्न हे युटातलेच होते. ओरिओ बिस्किटांच्या चळती रचून हिशेब समजावणारी त्यांच्या बाजूची जाहिरात बरीच चर्चेत होती. दारात जाणारे पालक आणि शिक्षक मात्र विरोधकांकडे होते. कायदा 62 टक्के मतांनी, सगळ्या 29 काउंट्यांत पडला. केंटकीत 2024 मध्ये दोन्हीकडून परराज्यातला पैसा ओतला गेला, तरी खासगी शाळांना सरकारी पैसा द्यायची वाट उघडणारा प्रस्ताव सर्व 120 काउंट्यांत हरला. जिथे खासगी शाळाच नाही आणि सरकारी शाळा हाच मोठा रोजगार, तिथे 'निवड' हा शब्द परक्या माणसाच्या तोंडून पोकळ वाटतो. व्हाउचरच्या बाजूने उतरत असाल, तर हे आधी वाचा: दारात पाठवायला व्हाउचर हवं असलेले स्थानिक पालक नसतील, तर भाड्याची टीम ती जागा भरत नाही. कॅलिफोर्नियात 2000 मध्ये गुंतवणूकदार टिम ड्रेपर यांनी व्हाउचरसाठी खिशातले 2 कोटी डॉलरहून जास्त घालूनही सुमारे 71 टक्के मतं विरोधात गेली.

दारोदार प्रचाराला बाहेरची माणसं घ्यावीच लागली, तर बोलायचा मजकूर त्याच राज्याचा हवा. ॲरिझोनात 2018 मध्ये कायदा पाडायला 'नाही' म्हणायचं होतं. नेब्रास्कात 2024 मध्ये 'रद्द करा' यावर खूण करायची होती. मागच्या राज्यातला मजकूर तसाच घेऊन आलेला माणूस तुमचीच मतं उलटी टाकायला सांगतो. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाकडून मतपत्रिकेची शब्दरचना पाठ म्हणून घ्या.