व्यक्तिचित्र: जलरंगात की तैलरंगात?

चित्रकार सावळाराम हळदणकरांची (१८८२–१९६८) दिवा घेतलेली स्त्री म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ती रविवर्म्याची समजतात. रविवर्म्याचं नाव तैलरंगांशी जोडलेलं, हे चित्र मात्र जलरंगातलं. ज्योतीवर धरलेल्या बोटांमधून झिरपणारा तांबूस उजेड जवळून बघा: हा जिवंतपणा पातळ रंगाखालून चमकणाऱ्या कागदाचा.

जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद, म्हणून उजेडाच्या जागा आधीच राखाव्या लागतात. ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद घ्या. आधीचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धवट ओला असताना ब्रश फिरवला, की पाणी रंग ढकलतं आणि गालावर फुलकोबीसारखे डाग उमटतात. पावसाळ्यात वाळायला फार वेळ लागतो, तेव्हा धीर धरा.

तैलरंग चुका पोटात घालतो: नाक चुकलं तर ओला रंग सुरीने खरवडा, पुन्हा लावा. पहिला थर टर्पेंटाइनने पातळ, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढतं ठेवा. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात.

शिकताना तैलरंग बरा. पण त्वचेतला उजेडच हवा असेल, तर आमचा कौल जलरंगाला.