पापुद्र्याच्या बिस्किटांसाठी घरचे लोणी की डालडा?

दिवाळीत तालुक्याच्या बेकरीत मैदा, साखर आणि तूप देऊन बिस्किटे भाजून आणण्याऐवजी यंदा ती घरीच करू पाहणाऱ्या शेजारच्या काकूंनी विचारले की, पापुद्रे सुटावेत म्हणून लोणी घ्यावे की डालडा.

स्निग्धाचे घट्ट तुकडे पिठात न विरघळता पातळ थरांत टिकले, तरच पापुद्रा सुटतो. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते; त्यामुळे पारा ४५ वर जाणाऱ्या चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ते बोटांखालीच पाघळते आणि पीठ तेलकट होते. डालडा उशिरा वितळतो, म्हणून हाताळायला सोपा. मात्र लोण्यातल्या पाण्याची भाजताना वाफ होऊन थर उचलले जातात. डालड्यात पाणी जवळपास नसतेच. चवीतही तो मागे पडतो, आणि टाळूला चिकटणारा त्याचा मेणचटपणा मला तरी खपत नाही. खर्चात डालडा स्वस्त, हे उघड आहे.

हिवाळ्यात, घरी दुभते असेल तर लोणीच घ्यावे. फक्त ताक पूर्ण निघेपर्यंत ते गार पाण्यात धुवावे. उन्हाळ्यात किंवा लग्नघराच्या मोठ्या घाण्याला डालडा बरा. पहाटेच्या गारव्यात पीठ भिजवणार असाल, तर दोन्ही निम्मे-निम्मे घेतले तरी चालते.