प्लॅस्टिक, स्टील की काच: आधी कोणते डबे बदलायचे?

पाळी अनियमित झाली किंवा थायरॉइड निघाला की हल्ली कुणीतरी हमखास सांगतं, "आधी घरातलं प्लॅस्टिक फेक." सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण सगळे डबे भंगारात घालण्याआधी थोडा हिशेब करावा. डबे बदलून पीसीओडी (पाळी बिघडवणारा बीजकोशांचा विकार) बरा होत नाही, डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवायच्या. फक्त रोज थोडं थोडं पोटात जाणारं रसायन कमी होतं.

काळजी मुख्यतः दोन रसायनांची. पहिलं बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल-ए. ते पॉलिकार्बोनेट या कडक, पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये आणि कित्येक टिनबंद पदार्थांच्या आतल्या लेपात सापडतं. ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं वागतं हे १९३०च्या दशकातच दिसलं होतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम वीस हजार पटींनी खाली आणली. दुसरे थॅलेट्स. ते पीव्हीसी हे प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात आणि तेला-तुपात सहज उतरतात. दिलासा एवढाच, की बीपीए बहुतांशी दिवसभरात लघवीवाटे निघून जातं. २०११ मध्ये अमेरिकेत पाच कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस ताजं, प्लॅस्टिकचा संपर्क टाळलेलं जेवण दिलं, तर लघवीतलं बीपीए सरासरी दोन-तृतीयांशाने उतरलं. प्रयोग छोटाच, पण दिशा कळते.

आता डब्यांकडे वळू. हलकं, स्वस्त, पडलं तरी फुटत नाही, म्हणून प्लॅस्टिक घरात आलं. तळाच्या त्रिकोणात ५ आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. त्यात बीपीए नसतं. डाळ, रवा, पोहे, साखर त्यात खुशाल राहू द्या, तिथे पैसे घालवू नका. गडबड होते ती गरम, तेलकट आणि आंबट पदार्थांनी. रश्श्याचा डबा कितीही घासला तरी हळदीचा पिवळा डाग आणि तेलाचा वास जात नाही, म्हणजे पदार्थ आणि प्लॅस्टिक यांची देवाणघेवाण चालू असते. असा ओरखडे पडलेला डबा पहिल्यांदा काढा. "बीपीए-फ्री" या शिक्क्यावर फार विसंबू नका. पुष्कळदा बीपीएच्या जागी त्याचंच भावंड बीपीएस वापरलेलं असतं आणि त्याचंही वागणं बरंचसं तसंच. "मायक्रोवेव्ह-सेफ" म्हणजे डबा वितळणार-वाकणार नाही. त्यातून काहीच उतरणार नाही, असं नव्हे.

रोजच्या डब्यासाठी माझं मत सरळ स्टीलला. गरम आमटी, भाजी, पोळ्या, शाळेचा डबा, सगळं त्यात चालतं, आणि आपटला तर पोचा येतो, एवढंच. घेताना ३०४ ग्रेड विचारा. स्वस्त २०२ मध्ये निकेल कमी, मँगनीज जास्त, आणि ते लवकर गंजतं. दुकानात लोहचुंबक लावून पाहणारे असतात, पण २०२ सुद्धा सहसा चुंबकाला चिकटत नाही, तेव्हा त्याने काही ठरत नाही. उणी बाजू म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही, आणि मीठ-आंबट महिनोन्महिने राहिलं तर पृष्ठभागावर खड्डे पडतात.

लोणचं, कोकम आगळ, चिंचेचा कोळ यांना काच किंवा चिनी मातीची बरणीच बरी. ऑफिसात जेवण मायक्रोवेव्हमध्ये गरम करावंच लागत असेल तर काचेला पर्याय नाही. बोरोसिलिकेट घ्या, साधी काच फ्रिजमधून काढून लगेच तापवली तर तडकते. झाकण बहुधा प्लॅस्टिकचंच असतं, म्हणून काठोकाठ भरू नका आणि तापवताना ते काढून ठेवा. लोकलच्या गर्दीत मात्र हे ओझं नकोसं होतं, तेव्हा एक काचेचा डबा ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेवलेला बरा.

एका वेळी सगळं जमणार नसेल तर आधी गरम जेवणाचे डबे, मग तूप-तेलाची भांडी, त्यानंतर लोणची. कोरड्या वाणसामानाचे डबे सगळ्यात शेवटी, किंवा नाहीच.

आणि घरात एवढं करून हॉटेलातून उकळतं सांबार पातळ पिशवीला गाठ मारून येत असेल, तर स्टीलचा कडीचा डबा सोबत न्या. बहुतेक हॉटेलवाले हरकत घेत नाहीत, फक्त गल्ल्यावर ऑर्डर देतानाच सांगावं लागतं. एकदा पिशवी भरली की ते सांबार पुन्हा डब्यात ओतून देतात आणि सगळंच मुसळ केरात.