दस्तऐवज व गुणवत्ता व्यवस्थापनाची ऑनलाइन प्रणाली: दीड वर्षाच्या वापरानंतर

भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांवर वाहनांचे शाफ्ट आणि बुश तयार होतात. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाप्रमाणे काही नोंदी तो भाग उत्पादनात व सर्व्हिससाठी चालू असेपर्यंत आणि त्यापुढे आणखी १ कॅलेंडर वर्ष जपाव्या लागतात. कपाटे भरून वाहू लागल्यावर दीड वर्षापूर्वी आम्ही वार्षिक वर्गणीची एक प्रणाली घेतली.

तिचा सर्वांत मोठा उपयोग ड्रॉइंगच्या बाबतीत झाला. पूर्वी ड्रॉइंगचे नवे रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) आले की त्याच्या प्रतींवर लाल शिक्का मारून त्या यंत्रांपाशी वाटल्या जात आणि जुन्या परत मागवल्या जात; पण एखादी जुनी प्रत टूलच्या खणात राहून जाई. अशाच एका प्रतीवरून आमच्याकडे ४२० शाफ्ट जुन्या मापाने निघाले होते. आता जॉबकार्डावरील क्यूआर कोड स्कॅन केला की टॅबवर चालू रिव्हिजनच उघडते आणि जुने फक्त गुणवत्ता विभागाला दिसते.

तपासणीच्या नोंदींबाबतचा अनुभव थोडा अवघडल्यासारखा होता. आमच्या कंट्रोल प्लॅननुसार (काय, किती वेळा तपासायचे याचा आराखडा) दर तासाला ५ नगांचा बाह्य व्यास मोजायचा असतो. प्रणाली प्रत्येक नोंदीवर वेळ टाकते, आणि पहिल्याच आठवड्यात असे दिसले की एका यंत्रावरच्या पूर्ण शिफ्टभराच्या नोंदी दुपारी २.४० ते २.५० या दहा मिनिटांत भरलेल्या आहेत. कागदी तक्त्यावरही हेच होत असणार (आम्हा सर्वांना ते ठाऊक होते, कोणी बोलत नव्हते, इतकेच). त्यानंतर डिजिटल मायक्रोमीटर केबलने थेट टॅबला जोडले, तेव्हा कुठे नियंत्रण-आलेखावर (मापे क्रमाने मांडणारा आलेख) विश्वास ठेवावा असे वाटू लागले; टूल झिजत गेले की व्यास हळूहळू वर सरकताना त्यावर स्पष्ट दिसतो आणि माप मर्यादेबाहेर जाण्याआधीच इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे पाते) बदलता येतो.

मापन-साधनांच्या कॅलिब्रेशनची (अचूकता-तपासणीची) मुदत संपत आली की सूचना येते आणि मुदतबाह्य गेजने (मापन-साधनाने) केलेली नोंद स्वीकारलीच जात नाही, हेही चांगले आहे.

उणिवा मात्र किरकोळ नाहीत. परवाना माणशी असल्याने आम्ही सुरुवातीला तीन ऑपरेटरांना एकच लॉगिन दिले. त्यामुळे नोंद कोणी केली हेच कळेनासे झाले आणि ऑडिटरने त्यावर योग्यच बोट ठेवले. ती काटकसर सर्वस्वी आमची चूक होती. मराठीत लिहिलेल्या कार्यसूचना पडद्यावर नीट दिसतात, पण पीडीएफमध्ये जोडाक्षरे तुटतात. पुरवठादाराकडे या संदर्भात चार तक्रारी केल्या, तरी दुरुस्ती झालेली नाही. इंटरनेट गेल्यास टॅबवर नवी नोंद होत नाही, म्हणून प्रत्येक यंत्रापाशी कोरे तक्ते ठेवावेच लागतात.

वर्गणीचे नूतनीकरण आम्ही केले आहे आणि या वेळी प्रत्येक ऑपरेटरसाठी स्वतंत्र परवाना घेतला आहे. मराठी कार्यसूचना तेवढ्या अजून वेगळ्या छापून यंत्रांवर चिकटवतो.