सामान त्यांचं, पाय आपले

इंदूरहून निघताना सुनेनं बॅगेत शेवेचं पाकीट कोंबलं, तेच कामी आलं. इंग्लंडमधल्या केनेट अँड एव्हन कालव्याकाठची पायी सहल घेतली होती. मुक्काम आणि सामानाची ने-आण कंपनीकडे, चालायचं आपण. वाट सपाट, पूर्वी बोटी ओढणाऱ्या घोड्यांची. माझे गुडघे एकदाही कुरकुरले नाहीत. डिव्हायझेसजवळ केन हिलला मात्र दोन तास हललोच नाही. २९ जलद्वारं, त्यातली १६ एका रांगेत! दार लावा, पाणी भरा, बोट एक पायरी वर. १८१० सालचं काम हे. डब्यात रोज गारढोण चीज सँडविच, अन् एकदा बॅग रात्री नऊला उगवली. नकाशा तेवढा चोख. पाचापैकी साडेतीन.